मोझेलकाठी राहिलेलं भांडण

इनास,

काल शुक्रवार होता, इथला बहरीनचा सुट्टीचा दिवस. मी सवयीने गाडी काढली आणि चर्चच्या फाटकासमोर नेऊन उभी केली. मिस्सा संपली, माणसं बाहेर पडली, गोवेकर, मंगळूरकर, केरळी, तुमची वसईची मंडळी, सगळी घोळक्याघोळक्याने. तू नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायचास, कारण दिसेल त्याची विचारपूस केल्याशिवाय तुझा पाय निघायचा नाही, आणि मी उन्हात तापत हॉर्न वाजवत बसायचो. काल हॉर्नवर हात गेला आणि तिथेच राहिला. तुला वसईच्या मातीत ठेवून आलो, त्याला आता महिना उलटून गेला आहे. हे डोक्याला ठाऊक आहे, हाताला अजून नाही.

मग आपल्या नेहमीच्या रस्त्याने पोर्तुगीज किल्ल्यावर गेलो. एकटाच. तटावर बसलो, थर्मासमधला चहा ओतला आणि कोणाशी भांडावं ते कळेना.

आपली ओळखच भांडणाने झाली. इथल्या हूरा भागातली ती इमारत, तू वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या. तू हॉटेलात दारूच्या कोठाराचा मुख्य, मी बाब अल बहरीनजवळच्या बँकेत आकडे जुळवणारा. जिन्यात मराठी ऐकू आलं म्हणून मी विचारलं, "कुठले?" तू म्हणालास, "वसई." मी पुण्याचा, माझ्या तोंडून निघून गेलं, "वा, म्हणजे आमच्या पेशव्यांनी जिंकलेली." तू सामानाची पिशवी खाली ठेवलीस आणि शांतपणे म्हणालास, "हां, आणि आमच्या चर्चांतल्या घंटा उचलून नेल्या, ते तुम्हीच ना?" त्या दिवसापासून मी भट आणि तू फिरंगी. माझी नलू आणि तुझी सिसिल भाजीचे डबे एकमेकींकडे पोचवत राहिल्या आणि आपण दोघं अठराव्या शतकातली लढाई बहरीनमध्ये लढत राहिलो.

तुझं दुर्दैव म्हणजे त्या घंटांमधली एक आमच्याच मूळ गावात आहे, वाईजवळ. कृष्णाकाठच्या महादेवाच्या देवळात, सभामंडपात टांगलेली, अंगावर क्रूस आणि कोणाला न कळणारी अक्षरं. लहानपणी उडी मारून मी ती वाजवायचो. हे मी तुला फुशारकीने सांगितलं आणि पस्तावलो. तुझे वडील तुमच्या गावच्या चर्चची घंटा ओढायचे, आणि तुमच्या घरात घंटांच्या गोष्टी आमच्याकडे रामायण-महाभारत सांगावं तशा सांगितल्या जायच्या. "ती आमची," तू म्हणायचास. "जिंकलेली," मी म्हणायचो. "लुटलेली," तू म्हणायचास. शुक्रवारी ह्याच तटावर बसून, समोर खजुराची झाडं आणि ओहोटीचा समुद्र, आपण हे किती वेळा म्हटलं असेल. हा किल्लाही माझ्या पणजोबांनी बांधला, असं तू ठणकावून सांगायचास. "मग त्यांना विचार, छप्पर घालायचं कसं विसरले," असं मी.

अशाच एका शुक्रवारी तू हाइन्सबुवांना बरोबर आणलंस. सित्राला तेलाच्या टाक्यांच्या कामावर आलेला, तुमच्या हॉटेलात मुक्कामाला असलेला हा जर्मन इंजिनियर. नावापुढे बुवा मी लावलं, त्यांना ते फार आवडलं. आपलं भांडण त्यांनी तासभर ऐकलं, तू मधूनमधून इंग्रजीत सांगत होतास, अर्थातच तुझ्या बाजूने. शेवटी ते म्हणाले, आमच्याकडे मोझेल नदीच्या प्रत्येक वळणावर असा एक पडका किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी द्राक्षाचे मळे आहेत. द्राक्षं उतरवायच्या दिवसांत या. तिथे येऊन भांडा, वाईन मी देतो.

आखातातल्या माणसाची रजा त्याची स्वतःची नसते. ती आईची असते, गावातल्या लग्नांची असते, विमानतळावर डोळे लावून बसलेल्या पुतण्यांची असते. त्या रजेतला एक तुकडा कापून दोन संसारी माणसं किल्ले बघायला जर्मनीला जातात, हे कोणाला सांगून पटलं नसतं. माझ्या बँकेतल्यांना वाटलं, मी दुसरी नोकरी शोधायला चाललोय. सिसिल नलूला म्हणाली, "जाऊ दे गो त्यांना, दोघेपण दगडाचे वेडे हायत." मी का कू करत होतो, खरं सांगतो, माझं मन मागे ओढत होतं. तू म्हणालास, "भटा, म्हातारपणी जाणार काय? गुडघे तुझे आतापासून बोलतात." तू हट्ट धरलास म्हणून मी ते बघितलं. ह्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. तुला आभार मानलेले खपायचेही नाहीत.

मोझेल आठवते ना? नदी कसली, डोंगरांमधून सावकाश सरकणारं हिरवं पाणी. आणि दोन्ही अंगांना इतके उभे मळे की खालून बघताना मान दुखावी. माणसं पाठीला टोपल्या लावून त्या चढावर द्राक्षं तोडत होती. जमीन म्हणजे सगळा पाटीचा दगड, आपण शाळेत लिहायचो ती पाटी, तिचे काळेनिळे तुकडे पायाखाली करकरत होते. हाइन्सबुवा समजावून सांगत होते की दिवसभर हा दगड ऊन साठवतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. तू ऐकलंच नाहीस. तू खाली बसून एका तुकड्याने दुसऱ्यावर ग म भ न लिहीत होतास, जीभ बाहेर काढून.

पहिला किल्ला बघायला गेलो तो डागडुजी केलेला, रंगवलेला, झेंडे लावलेला. दारात लोकरीच्या मोठ्याच्या मोठ्या सपाता ढिगाने ठेवल्या होत्या. आपल्या दोघांना एकमेकांकडे बघायची गरजसुद्धा पडली नाही. बूट काढले, भिंतीशी जोडीने नीट लावले, मोजे आत खोचले आणि अनवाणी पायांनी त्या सपातांत शिरलो. मी तर उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, गडावर लावतात तसा. आणि आत गेल्यावर कळलं की सपाता बुटांवरून चढवायच्या असतात, जुन्या लाकडी जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून. सगळे जर्मन आपल्या पायांकडे बघत होते. माझे कान तापले. किल्ला दाखवणाऱ्या बाईंनी हाइन्सबुवांना काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं आणि सगळे गप्प झाले. मी घाबरून विचारलं, काय सांगितलंत? बुवा म्हणाले, "मी सांगितलं, ह्यांच्या देशात किल्ल्यांना देव राहतो." बाहेर आल्यावर बघितलं तर आपल्या बुटांशेजारी एका म्हाताऱ्या जोडप्याचेही बूट ओळीत लावलेले. त्यावर तू मला जी कोपरखळी मारलीस, ती जागा अजून मला सापडते.

मला तो रंगवलेला किल्ला आवडला होता. तुला अजिबात नाही. "हा म्हणजे लग्नातला केक," तू म्हणालास. मी म्हणालो, घर पडलं तर माणूस दुरुस्त करतो, पडकंच ठेवून त्याचं कौतुक करत बसत नाही. तू म्हणालास, दुरुस्त केलं की काय झालं होतं ते पुसून जातं. आपण त्यावर पूर्ण दिवस घालवला. तसा प्रत्येक किल्ल्यावर आपला कार्यक्रम ठरलेला होता. मी आत शिरलो की आधी पाणी शोधायचो. आपल्या गडांवर टाकं कुठे आहे ते आधी बघतात, पाणी नसलेला किल्ला लढणार कसा? तू प्रार्थनेची खोली शोधायचास. मी विहिरीत वाकलेला आणि तू मोडक्या कमानीखाली मान वर करून उभा, असा फोटो हाइन्सबुवांनी काढला होता. त्यात आपण दोघंही हरवलेली वस्तू शोधतोय असं वाटतं.

वाईनचं म्हणशील तर मी अभक्ष्य अपेय न शिवणारा माणूस, हे तू सगळ्या गावाला आधीच सांगून ठेवलं होतंस. मग हाइन्सबुवांच्या तळघरात त्यांनी गढूळ पांढरं काहीतरी ओतलं, ह्याच मोसमातली, अजून फसफसणारी वाईन. तू एक घोट घेतलास आणि तुझा चेहरा लहान मुलासारखा झाला. "अरे, ही तर सकाळची ताडी. नुसती नीरा हाय. पी. नीरा तुमच्या पुण्यात सरकार विकते." हॉटेलातल्या उंची बाटल्यांची नावं पाठ असलेला तू, आणि घरची आठवण आली ती त्या गढूळ पेल्याने. मी प्यालो. नलूला अजून सांगितलेलं नाही.

आणि मग तो शेवटच्या दिवशीचा पडका किल्ला, गावाच्या वर, मळ्यांच्या टोकाला. फ्रेंच फौजेने जाळलेला. नुसता एक बुरूज, दोन भिंती आणि लोक पडू नयेत म्हणून लावलेला लोखंडी कठडा. मी पाणी शोधलं, विहीर बुजलेली होती. संध्याकाळ व्हायला आली होती आणि खाली गावातल्या चर्चची घंटा वाजायला लागली. तू बोलता बोलता थांबलास. घंटा संपेपर्यंत उभा राहिलास. मग अर्थातच माझ्याकडे वळलास, "ऐक, चोरा." आणि हाइन्सबुवांना पुन्हा एकदा सगळी हकिगत, न्यायाधीशापुढे मांडावी तशी. मीही माझी बाजू मांडली. बुवांनी खालच्या चर्चकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, ही ऐकलीत ती घंटा नवी आहे. जुनी युद्धात गेली. शत्रूने नाही नेली, आमच्याच सरकारने नेली, वितळवायला. मी लहान होतो, सगळं गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं. ती परत आली नाही. तुमची निदान वाजते आहे.

मी ती संधी सोडतोय होय. म्हणालो, "बघ, आम्ही वितळवली नाही. देवापुढे टांगली." तू नदीकडे बघत राहिलास. मग हळूच म्हणालास, "मंग एकदा वाजवू दे मला. आमच्या पद्धतीने." मी म्हटलं, तुमची पद्धत कसली? तू पाटीचा एक जाड तुकडा उचललास आणि त्या लोखंडी कठड्यावर मारलास. टण्ण. मग हात जोडून ‘आमच्या बापा’ची प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलीस, अजिबात घाई न करता. मग दुसरा ठोका. पुन्हा अख्खी प्रार्थना. "गावात माणूस गेला की बाबा असा वाजवायचे," तू म्हणालास. "दोन ठोक्यांच्या मधी एक प्रार्थना. घाई केली तर लोकांना वाटते आग लागली." पुढच्या ठोक्याला दगड फुटला. मी म्हणालो, "ये की गावाला. ह्यात काय." आणि फुटलेला अर्धा तुकडा खिशात टाकला. तो इथे माझ्या टेबलावर आहे.

ये की, ह्यात काय. इतकं सोपं होतं ते. पण परत आल्यावर आपल्या रजा पुन्हा कधी जुळल्याच नाहीत. मला सुट्टी मिळायची तेव्हा तुझं हॉटेल भरलेलं, तुला मिळायची तेव्हा माझी बँक हिशेब बंद करायला बसलेली. "पुढल्या वर्षी, इंशाल्ला," असं तू जिन्यात म्हणायचास आणि मी म्हणायचो, "घंटा कुठे पळून जात नाही." घंटा गेली नाही हे खरं.

तू गेलास त्या दुपारबद्दल मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तुला भेटलेला कोणीही हे आधीच सांगू शकला असता, तू सगळी कामं त्याच्याकडूनच करून घ्यायचास. तुझ्याबरोबर विमानातून मी वसईला गेलो. तुमच्या चर्चची घंटा वाजत होती, एक ठोका, मग थांबणं, मग एक ठोका. बाकीचे रडत होते आणि मी ठोक्यांच्या मधली प्रार्थना मनात मोजायचा प्रयत्न करत होतो. मला ती येत नाही, इनास. पहिल्या ओळीनंतर मी अडखळलो. तुझी आई माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, "जर्मनीला गेल्ता त्या वर्षी माझ्याकडे कमी रायला. पण तिथलीच गोष्ट सगळ्यात जास्ती सांगायचा."

सात दिवसांनंतरची मिस्सा झाली आणि तुझी अनिता माझ्याजवळ आली. तू तिच्यावर चिडायचास ना, की मी मराठीत बोलतो आणि ही इंग्रजीत उत्तर देते? त्या दिवशीही इंग्रजीतच बोलली. "अंकल, डॅडी सेड यू हॅव अवर बेल." मी हो म्हणालो. "ही वॉन्टेड टु रिंग इट." मी पुन्हा हो म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. तुझे डोळे आहेत तिला, नाही म्हणायची सोय नसते. मी सिसिलला विचारलं. सिसिल म्हणाली, "दुखवट्यात देवळात कशा जाणार आम्ही? तुमचे लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, ते मी बघतो. काय बघणार होतो, मला ठाऊक नव्हतं.

तुला आमच्या अण्णाकाकांबद्दल सांगितलं होतं. वडिलांचे चुलतभाऊ, देवळाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे, सोवळ्याओवळ्यात तसूभर इकडचं तिकडे खपत नाही. सुतकातल्या माणसाने घंटेला हात लावणं दूरच, पायरी चढली तरी हे घर डोक्यावर घेतात. वाटेत गाडीत मी मनातल्या मनात वाद तयार करत होतो. इतिहास काढला, हाइन्सबुवांचं उदाहरण काढलं, शेवटी ओरडायचीही तयारी ठेवली. मला फक्त एकच भीती होती, की हे नाही म्हणाले तर त्या पोरीच्या डोळ्यांपुढे मी तुला दिलेला शब्द दुसऱ्यांदा मोडेन.

पोचलो तेव्हा ते पूजा आटोपून सभामंडपात गंध उगाळत बसले होते. काळ्या कपड्यांतल्या दोघी फाटकाबाहेरच थांबल्या. अण्णाकाकांनी मान वर केली. "कोण गेलं ह्यांचं?"

मी म्हणालो, "माझा मित्र. वसईचा. आपली ही घंटा त्यांच्या गावची. ती त्याला एकदा वाजवायची होती, ते राहिलं. आता त्याच्या मुलीला त्याच्यासाठी वाजवायची आहे. माणूस गेल्यावर वाजवतात तशी." सगळे तयार वाद विसरून मी एवढंच बोललो.

अण्णाकाका उठले. घंटेखाली जाऊन तिच्यावरच्या क्रूसाकडे बघत राहिले. इतकी वर्षं रोज बघतात, पण तेव्हा चष्मा पुसून बघितलं. मग फाटकापाशी गेले आणि अनिताला म्हणाले, "ये गं बाळ. आमच्या घंटेच्या माहेरचं माणूस गेलंय. तिला कळवायला नको का?"

सिसिल तिथे रडली. वसईला रडली नव्हती.

अनिताने लोलक धरला आणि एक ठोका दिला. ती घंटा मी शेकडो वेळा वाजवली असेल, पण तिचा आवाज तेवढा वेळ टिकतो हे मला माहीत नव्हतं, आम्ही कधी टिकू दिलाच नाही. आणि मग तुझी मुलगी, जिने जन्मात तुला मराठीत उत्तर दिलं नाही, तिने ती प्रार्थना मराठीत म्हटली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, तुझ्याच चालीत, घाई न करता. मग दुसरा ठोका. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका वर आल्या, असली घंटा त्यांनी ऐकली नव्हती. एकीने विचारलं, "अण्णा, कोण गेलं वं?"

अण्णाकाका म्हणाले, "वसईचे व्याही."

परतताना मला वाटलं, झालं, आपलं भांडण मिटलं. ना लुटलेली, ना जिंकलेली. लेक दिली घेतली, दोन्ही घरं तिची. म्हातारा एका वाक्यात सगळं उरकून मोकळा झाला. वाई मागे पडली, घाट लागला, मागच्या सीटवर अनिता आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. आणि तेवढ्यात तुझा आवाज मला इतका स्वच्छ ऐकू आला की मी गाडी कडेला घेतली. "भटा, लेक म्हणता ना? मंग इतक्या वर्षांत माहेरपणाला एकदा तरी पाठवायची."

काल तटावर बसून मी ह्याचंच उत्तर शोधत होतो. चहा गार झाला, भरती आली. उत्तर नाही, इनास. तुझ्या तोंडावर मी हे कधी कबूल केलं नसतं, मोझेलला नाही, इथे नाही, कुठेच नाही. आता म्हणतो. मी हरलो.

आता पुढचं बोल.